माशांचा उपास

१

चष्म्याच्या दुकानाचं शटर दुपारच्या सुट्टीत अर्धं खाली यायचं आणि मी त्याखालून वाकून आत शिरायचे. एका हातात जेवणाचा डबा, दुसरा हात कमरेवर. "अहो वन्सं, डोकं सांभाळा," वहिनी आतून म्हणायची. वन्सं हा शब्द आता कोणी वापरत नाही. ती मला चिडवायला वापरायची आणि मी चिडल्यासारखं करायचे. एरवी आमचं अगं-तुगंच होतं.

दुकान माझ्या भावाचं, दादाचं. अरुंद आणि लांबोळकं. दोन्ही भिंतींवर फ्रेम आणि फ्रेमच्या मध्ये आरसे, म्हणजे गिऱ्हाईक कुठेही उभं राहिलं तरी त्याला स्वतःचं नाक दिसावं. आतल्या बाजूला भिंगं घासायचं चाक, अक्षरांचा तक्ता, आणि काउंटरच्या टोकाला माशांची काचेची टाकी. चष्मा तयार होईपर्यंत लोकांनी घड्याळाकडे न बघता माशांकडे बघावं म्हणून दादाने ती ठेवली होती. सोनेरी मासे होते, जाडसर, पसरट शेपट्यांचे. त्यातल्या सगळ्यात मोठ्याला तो मॅनेजर म्हणायचा, कारण तो मासा काम काही करायचा नाही आणि पोट पुढे काढून सगळीकडे फिरून यायचा.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला. सकाळी दुकान उघडलं आणि दुपारी त्या चाकाजवळ बसल्या बसल्या गेला.

त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्याला दुसऱ्याला खाऊ घालायचं वेड होतं. त्याचा आग्रह म्हणजे छळ. पाहुणा दोन्ही हातांनी ताट झाकायचा तर हा बोटांच्या फटीतून वाढायचा. माशांनाही तसंच. दुपारी शटर ओढलं की आधी टाकीकडे जायचा, चिमटीत खाणं धरून बोटं पाण्याला टेकवायचा, आणि मासे त्याच्या बोटांना लुचायचे. मग तो आणि वहिनी जेवायला बसायचे. तिच्या ताटात तो काय काय लोटायचा ते मी बघितलंय. ती ओरडायची आणि खायची.

तो गेल्यावर वहिनीचं जेवण सुटलं. रडणं फारसं नाही, बोलणं नेहमीसारखं, दुकान सुरू, पण ताटातलं ताटात राहायचं. कपडे अंगावर टांगल्यासारखे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे यावर गोळी नाही. कोणीतरी समोर बसून यांना जेवायला घाला." ते कोणीतरी म्हणजे मी. मी एकटी राहते, आणि दादानंतर मला माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं होतं. ते जगलं पाहिजे, एवढंच मला हवं होतं. नणंद-भावजया एकमेकींना पाण्यात पाहतात म्हणे. आम्ही दोघी रोज दुपारी शेजारी बसून टाकीच्या पाण्यात पाहायचो, आणि त्या नादात मी तिच्या पोटात चार घास ढकलायचे.

हळूहळू ती खायला लागली होती. मग एका दुपारी तिने माशांना खाणं टाकलं, तेव्हा मॅनेजरने एक तुकडा तोंडात घेतला, जरा घोळवला आणि बाहेर सोडून दिला.

"आज साहेबांना आवडलेलं दिसत नाही," वहिनी म्हणाली.

तुकडा सावकाश तळाशी गेला. दुसऱ्या कुठल्याही माशाने तो उचलला नाही.

२

मी पाणी तपासते. नोकरीच ती. शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर बाटल्या येतात आणि मी त्यांत थेंब टाकून रंग बघते. त्यामुळे मासे मलूल झाले तेव्हा मी काही तर्क केले नाहीत. टाकीतलं पाणी बाटलीत भरलं, कामावर नेलं आणि तपासलं. अमोनिया वाढला होता. टाकीत तो वाढण्याची कारणं मोजकी असतात. एक तर खाणं जास्त पडतंय आणि सडतंय, किंवा फिल्टरच्या स्पंजात जे चांगले जंतू घाण खाऊन टाकतात ते मेलेत.

"स्पंज नळाखाली धुतलास का?" मी वहिनीला विचारलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मीच शहरभर पोचवते. त्याने हे जंतू मरतात.

"तुझ्या भावाने शिकवलंय मला. टाकीतलंच पाणी बादलीत घेते आणि त्यात पिळते." तिला राग आला होता. "मला काय आजच मासे दिसले?"

मग आम्ही टाकीवाल्याला बोलावलं. मासे आणि टाक्या विकणारा माणूस, दादाचा जुना ओळखीचा. त्याच्या शर्टाच्या बाह्या कायम ओल्या असतात. त्याने टाकीला नाक लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "पोटं बिघडलीत. बाई, अति तिथे माती म्हणतात, टाकीत अति तिथे अमोनिया. मासा उपाशी राहून सहसा मरत नाही. लाडाने मरतो."

"मी मोजून घालते," वहिनी म्हणाली.

"घालत असाल. आता काहीच घालू नका. उपास. रोज थोडं थोडं पाणी बदला, सगळं एकदम नको, धक्का बसतो. जरासं मीठ. आणि मागून काय पडतंय ते बघत राहा. पोटात काही गेलं नाही की मागून विष्ठेचे धागे पडायचे थांबतात. थांबले की समजा आतडं साफ झालं. मग एकेक दाणा."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "उपाशी ठेवायचं? दुपार झाली की काचेशी येऊन उभे राहतात गं ते."

"राहू देत. आजारी माणसाला आपण पथ्य नाही का घालत?"

हे मी बोलले, आणि ज्या बाईला चार घास खायला लावताना माझ्या नाकी नऊ येत होते तिच्यासमोर बोलले. तिचा हात खाण्याच्या डबीकडे जाईल हे मला ठाऊक होतं, म्हणून ती डबी मी पिशवीत टाकून घरी नेली. माझ्या स्वयंपाकघरात ती वरच्या फळीवर पडून राहिली.

३

पहिले काही दिवस मी रोज पाणी बदलत होते. नळीने तळाची घाण ओढायची, बादलीभर पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी हळूहळू सोडायचं. काम मला आवडायचं. हात ओले असले की डोकं शांत राहतं.

पण पाणी सुधारेना. रोज बाटली नेत होते, रोज रंग तोच.

आणि धागे थांबले नाहीत. माशाच्या मागे लांबच लांब, फिकट, जवळजवळ पांढरे धागे लोंबत असायचे. मी रोज तळ साफ करून जायचे आणि दुसऱ्या दिवशी तळाला पुन्हा त्यांचा पसारा. खाणं माझ्या घरी, फळीवर. मग हे येत होतं कुठून? जे पोटात गेलंच नाही ते बाहेर कसं पडेल? टाकीवाल्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "कोणीतरी घालतंय बाई. बघा जरा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. वहिनीचा जीव मऊ. मी जेवताना अगदी सहज विचारलं, "तू ताटातलं काही टाकतेस का त्यांना?"

"नाही."

"एखादा भाताचा कण?"

"नाही म्हटलं ना." तिने चमचा खाली ठेवला. "तुझ्या दादालाही तुम्ही सगळे असंच म्हणायचात. जास्त घालतो, जास्त घालतो. गेला तो. आता कोण घालणार आहे?"

एवढ्या बोलण्यात तिचं अर्धं जेवण राहिलं होतं. मग मी समजूत काढली, लाडीगोडी लावली, शेजारच्या शिंप्याची नक्कल करून दाखवली. तो शिंपी इंच मोजताना पुटपुटतो आणि मध्येच राजकारणावर घसरतो. ती हसली आणि उरलेलं जेवली. तिचं मला खरं वाटलं होतं. वहिनी रुसते, अबोला धरते, पण खोटं बोलत नाही.

तरी मी टाकीच्या काचेच्या झाकणावर मिठाचा पुडा ठेवायला सुरुवात केली, कडेला अगदी नीट लावून. दुसऱ्या दिवशी पुडा तसाच असायचा, आणि तळाला धागे असायचे.

४

एका दुपारी वहिनी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी चष्मा बसवून द्यायला गेली. त्यांना जिना उतरवत नाही. मी दुकानात एकटी होते, शटर अर्धं ओढलेलं. शेजारच्या शिंप्याचं मशीन सुट्टीसाठी थांबलं आणि मग फक्त टाकीचा हवेचा पंप ऐकू येत राहिला. त्या दुकानात एकटं बसणं मला कधीच आवडलं नाही. मान वळवावी तिकडे आरशात आपणच, आणि आपल्यामागे रिकाम्या फ्रेमच्या रांगा.

मासे तळाशी पडून होते. मॅनेजर एका कुशीवर कलला होता आणि त्याचे कल्ले जोरात हलत होते. मी नळी घेऊन टाकीसमोर गुडघे टेकले, बादली खाली ठेवली.

तेव्हा ते उठले. सगळे एकदम, आजारी मॅनेजरसुद्धा. मला वाटलं मला बघून उठले, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. पण ते माझ्याकडे आले नाहीत. माझ्याकडे पाठ करून मागच्या डाव्या कोपऱ्यात वर गेले, चाकाच्या बाजूला. तिथे दाटीवाटीने उभे राहिले आणि तोंडं उघडमीट करायला लागले.

मी खाली होते, म्हणून पाण्याकडे खालून बघत होते. खालून बघितलं तर पाण्याचा वरचा थर आरशासारखा दिसतो. पलीकडचं काही दिसत नाही, तळाचे दगडच उलटे दिसतात. त्या आरशात कोपऱ्याजवळ तीन खळगे पडले होते. जवळजवळ, वरून दाबल्यासारखे. चिमूट सोडताना बोटं एकमेकांवर घासतात, तसे ते खळगे जरा जरा हलत होते. मासे एकमेकांना ढकलत त्यांना लुचत होते.

बुडबुडे असतील, हे माझ्या मनात लगेच आलं. पण बुडबुडे सोडणारा हवेचा दगड टाकीच्या दुसऱ्या टोकाला होता. फिल्टरची धार? ती उजवीकडे पडायची. मी उठून उभी राहिले. वरून पाणी सपाट दिसत होतं. झाकण बंद, त्यावर मिठाचा पुडा. झाकणाखाली मासे तोंड मिटून काहीतरी चघळत होते.

चाकाच्या वर एक आरसा आहे, लोकांना बाजूने चष्मा कसा दिसतो ते दाखवायला दादाने लावलेला. त्यात त्या कोपऱ्याजवळची जागा दिसली असती. मी बघितलं नाही. मी पाणी तपासणारी बाई, पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणून कामावर सगळ्यांना ठाऊक, आणि पुरावा हाताच्या अंतरावर असताना मी बादलीतल्या घाणीकडे बघत उभी राहिले. फार भीती वाटली असं म्हणता येणार नाही. कोणाच्या तरी जेवणात आपण मध्येच येऊन उभे आहोत असं वाटत होतं.

वहिनी परत आली तेव्हा मी तिला फक्त म्हणाले की कंबर दुखतेय.

५

मॅनेजर त्या आठवड्यात मेला. मरायच्या आधी तो फार छान दिसायला लागला होता. पोट गोल, अंग भरलेलं, रंग चकचकीत. वहिनी म्हणाली, "बघ, उपास मानवला त्याला." मग खवले अंगापासून सुटून उभे राहिले आणि सकाळी तो तरंगत होता.

टाकीवाल्याने त्याला हातात घेऊन अंगठ्याने दाबलं. "असं अंग धरलं की लोक खूश होतात," तो म्हणाला. "आत अन्न नसतं यांच्या. पाणी असतं सगळं. बाहेरून भरलेला आणि आतून उपाशी." त्याने मासा कागदात गुंडाळला. "बाकीच्यांचा उपास सोडा आता. घेतात का बघा."

डबी परत आणली. दुपारी शटर ओढलं आणि मी स्वतः चिमटीत खाणं घेऊन बोटं पाण्याला टेकवली, दादा करायचा तशी. एकही मासा आला नाही. खाणं त्यांच्या तोंडापुढे पडलं तर ते घ्यायचे, घोळवायचे आणि टाकून द्यायचे. मग माझा हात पाण्यात असतानाच ते मागच्या डाव्या कोपऱ्यात गेले, वर बघत उभे राहिले, आणि तिथे नसलेलं काहीतरी पोटभर खाऊन खाली आले.

तेव्हा मला माझी चूक कळली. आजारी माशांना उपास हा उपाय चुकीचा नव्हता, कोणीही जाणकार तोच सांगेल. पण त्या टाकीत दुपारची एक वेळ होती आणि त्या वेळी एक हात यायचा. दादा गेल्यावर वहिनीचा हात यायला लागला, म्हणून ती वेळ भरलेली राहिली. मी डबी उचलून नेली आणि ती वेळ मोकळी करून दिली. मोकळ्या जागेवर कोणीतरी येतंच. आणि जो आला त्याला माशांचं वाईट करायचं नव्हतं, हे मला आजही तितकंच खरं वाटतं. त्याला खाऊ घालायचं होतं. आपल्या चिमटीत आता काय आहे ते त्याला कळत नसावं.

एवढं सगळं मी मनात म्हणत होते आणि त्याच वेळी स्वतःच्याच या विचारांवर हसतही होते. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं, मासे सवयीने कोपऱ्यात जातात, पाण्याला खळगे पडायला शंभर कारणं असतात. ही कारणं मी रात्रीच्या जेवणासारखी रोज नव्याने शिजवत होते.

वहिनीला मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती घाबरली नसती. तिला आनंद झाला असता.

मी डबा जास्त भरायला लागले. एक दुपार चुकवली नाही. तिने तोंडदेखलं दोन घास खाल्लेले मला चालेनात. समोर बसून, हट्टाने, शेवटचा घास संपेपर्यंत मी उठायचे नाही. "तू अगदी त्याच्यावर गेलीयस," ती म्हणायची. मला त्या बोलण्याचं बरं वाटायचं नाही.

६

मग धरणाजवळ दरड कोसळली आणि शहराचं पाणी गढूळ यायला लागलं. प्रयोगशाळेतल्या आम्हा सगळ्यांना तिकडे, पाणी उपसायच्या केंद्रावर, मुक्कामाला पाठवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मी साहेबांशी भांडून बघितलं. ते म्हणाले, "तुमच्या वहिनी लहान आहेत का?"

वहिनीही तेच म्हणाली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे? जा तू. लोकांना पाणी प्यायचंय."

"दुपारी शिंप्याकडे जाऊन जेव. मी त्यांच्याशी बोललेय. त्यांची बायको डबा जास्त देणार आहे."

"बरं."

"दुकानात एकटी बसून जेवू नकोस."

तिने माझ्याकडे जरा रोखून बघितलं. "का गं?"

"उगाच. एकटीने जेवण जात नाही."

"बरं, वन्सं," ती म्हणाली.

केंद्रावर दिवसरात्र मोटारींचा घरघराट. मी दुपारी बाहेर येऊन, एका कानात बोट घालून तिला फोन करायचे. पहिल्या दिवशी विचारलं, "जेवलीस?"

"हो गं. आत्ताच."

"शिंप्याकडे?"

"नाही, इथेच. त्यांना कशाला त्रास? माझं जेवण झालं होतं, मग मी त्यांना नको म्हणून सांगितलं."

ती आपणहून जेवली याचा मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय केलं होतंस?"

ती आठवत होती. "अगं, काय होतं बरं," ती म्हणाली. "छान होतं पण. पोट अगदी भरलं." तिच्या तोंडात अजून काहीतरी होतं, शब्द जड येत होते.

मी शिंप्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, त्या मजेत आहेत. सुट्टीत शटर ओढून घेतात पुरतं. आतून बोलण्याचा आवाज येतो, तुमच्याशीच फोनवर बोलत असतील. तब्येत तर अशी सुधारलीय म्हणता, गाल वर आलेत."

मी त्याच संध्याकाळी साहेबांना न विचारता निघाले असते. पण दरडीने रस्ता बंद होता आणि तो मोकळा होईपर्यंत मला तिथेच थांबावं लागलं. दुपारी मी जास्त वेळ फोन धरून ठेवायचे, काहीबाही बोलत राहायचे, तिची दुपार भरून काढता येईल तेवढी काढायला बघायचे. ती ऐकायची, हं हं करायची. मधेच हसायची, माझ्या बोलण्याशी ज्याचा काही संबंध नाही असं.

७

परत आले ती घरी गेलेच नाही. वाटेत एका खानावळीतून गरम भात आणि भाजी डब्यात भरून घेतली आणि थेट दुकानात. सुट्टीची वेळ होती. शटर पूर्ण खाली होतं. मी हाताने ठोकलं तेव्हा तिने ते अर्धं वर केलं.

"आलीस? डोकं सांभाळ."

टाकीत मासे नव्हते. दिवा लागलेला, पंप चालू, बुडबुडे वर जाताहेत, आणि पाणी इतकं नितळ की मागची भिंत दिसत होती.

"शेवटचा परवा गेला," वहिनी म्हणाली. "पण पाणी बघ किती छान राहिलंय. टाकून द्यायचं जिवावर आलं."

ती बसली. मी तिच्याकडे नीट बघितलं. शिंप्याचं खरं होतं. चेहरा गोल झाला होता, कातडी ताणलेली आणि तुकतुकीत. कोणालाही वाटावं, बाई सावरली. चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतल्या होत्या. जिने शहरातल्या निम्म्या लोकांच्या काड्या वाकवून सैल करून दिल्या, तिला स्वतःची काडी रुतलेली कळत नव्हती. मी चष्मा काढला. खाली दोन खोल चर होते. मी तिच्या गालावर बोट टेकवून दाबलं. खड्डा पडला आणि भरून यायला खूप वेळ लागला.

"उद्या डॉक्टरकडे जायचं," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला.

"जाऊ."

"आता आधी दोन घास खा."

"अगं, माझं झालंय जेवण."

मी तिच्या आणि चाकाच्या मध्ये खुर्ची ओढून बसले. पाठ चाकाकडे. मला मागे वळायचं नव्हतं, आणि समोरच्या भिंतीवरचे आरसे दिसू नयेत म्हणून मी नजर डब्यावर ठेवली होती. झाकण काढलं, वाफ आली. मग मी बोलले, मोठ्याने, अगदी घरातल्यासारखं. "दादा, पुरे झालं आता. तुझी माया मला कळते. पण तिला माझ्या हातचं जेवू दे. मला हिच्याशिवाय कोणी नाही."

कोणाशी बोलतेस म्हणून वहिनीने विचारलं नाही.

पंपाचा आवाज येत होता. मी चमचा भरला, फुंकर घातली आणि तिच्या तोंडापुढे धरला. "वहिनी, एवढं घे. माझ्यासाठी घे."

तिने मान वर केली आणि आ केला. मला इतकं बरं वाटलं की मी चमचा आणखी पुढे नेला. मग मला दिसलं की तिची नजर माझ्या हातावर नाही. ती माझ्या खांद्यावरून वर, मागे कुठेतरी होती. तिने तोंड मिटलं आणि सावकाश चावायला लागली.

चमचा माझ्या हातात तसाच भरलेला होता.